मार्क-एक्सएमएलमधे 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' : तपासायला कुठली लायब्ररी वापरता? (इंदूर)

खजुरीबाजार
नमस्कार मंडळी. इंदुरातल्या एका जुन्या मराठी ग्रंथालयाची सूची कॉम्प्युटरवर चढवायचं काम आम्ही काही जण रविवारी बसून करतोय. काही रेकॉर्ड जुन्या सॉफ्टवेअरमधून मार्क फॉरमॅटमधे (ग्रंथालयाच्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवायचा साचा) निघालेत, काही एक्सेलमधे आहेत, काही वर्डच्या फायली ज्या कोणी कधी टाइप केल्या देव जाणे, आणि थोडी यादी तर चक्क व्हॉट्सॲपवरून आलीय. हे सगळं पायथनने एकत्र करून मार्क-एक्सएमएल, म्हणजे त्याच नोंदींचं एक्सएमएल रूप, बनवायचं आणि नव्या सॉफ्टवेअरच्या गळी उतरवायचं असा बेत आहे.

फाइल बनताना एका शब्दाची तक्रार नाही. वाचताना मात्र 'नॉट वेल-फॉर्म्ड, इनव्हॅलिड टोकन', लाइन अमुक कॉलम तमुक, आणि त्या जागी जाऊन बघावं तर एडिटरमधे काहीच दिसत नाही, सरळ साधी मराठी ओळ. एका कॅरेक्टरपायी अख्खी फाइल परत. एस्केप फंक्शन लावलंय, सीडाटामधे गुंडाळूनही बघितलं, ढिम्म फरक नाही.

मला अशी कोडची लायब्ररी हवीय जी सांगेल की कुठलं कॅरेक्टर, कुठे आणि का चालत नाही. पायथन असेल तर उत्तम, जावाही चालेल. (कोड इथे चिकटवला की कोन-कंसातलं सगळं गायब होतंय, म्हणून शब्दांतच लिहा प्लीज.)

पोहे_सेव_जिरावन
भिया एवढं काय टेन्शन घेता, रेगेक्स मारा ना. टॅब, लाइन फीड, कॅरेज रिटर्न सोडून, आणि हेक्समधे २० पासून डी७एफएफ, मग ई००० पासून एफएफएफडी एवढं सोडून जे काही असेल ते उडवायचं. एका ओळीचं काम आहे, नेटवर सगळीकडे हेच दिलंय, लायब्ररी बिब्ररी काही लागत नाही.

मोरारकर
थांबा, लगेच काही उडवू नका.

आधी नियम काय आहे ते बघा, तो फारच छोटा आहे. एक्सएमएल १.० आलं १९९८ च्या फेब्रुवारीत, त्यात 'कॅर' नावाची एक व्याख्या आहे. ३२ च्या खालच्या कंट्रोल कॅरेक्टरांपैकी फक्त तीन चालतात, ९, १० आणि १३. मग हेक्समधे २० ते डी७एफएफ. डी८०० ते डीएफएफएफ हे सरोगेट, म्हणजे जोडीने मिळून एक कॅरेक्टर बनवणारे अर्धे तुकडे, ते एकेकटे चालत नाहीत. मग ई००० ते एफएफएफडी, म्हणजे एफएफएफई आणि एफएफएफएफ हे दोन बाद. आणि मग १०००० पासून १०एफएफएफएफ पर्यंत सरसकट सगळं. संपलं. या हद्दीचा युनिकोडच्या आवृत्तीशी संबंध नाही, म्हणून २०१० मधे ₹ युनिकोडात आला तरी एक्सएमएलला काही बदलावं लागलं नाही, त्याची जागा आधीपासून आतच होती.

एस्केपने फरक पडत नाही कारण पायथनचं ते फंक्शन फक्त अँपरसँड, लेस-दॅन आणि ग्रेटर-दॅन एवढंच बदलतं, कंट्रोल कॅरेक्टरला हातच लावत नाही. सीडाटाचं म्हणाल तर ते फक्त मार्कअपचा अर्थ बंद करतं, आतली कॅरेक्टरं याच हद्दीतली लागतात. सीडाटात बायनरी चालतं ही समजूत कुठून आली कळत नाही पण दर वर्षी कोणीतरी भेटतोच.

आणि फाइल बनताना तक्रार नाही याचं कारण तुम्ही बहुतेक पायथनमधलं एलिमेंट-ट्री वापरताय. ते लिहिताना तपासत नाही, वाचताना आतला एक्स्पॅट पार्सर तपासतो. एलएक्सएमएल ही लायब्ररी वापरा, ते नोडमधे मजकूर भरतानाच व्हॅल्यू-एरर देतं, नल बाइट आणि कंट्रोल कॅरेक्टर चालणार नाहीत म्हणून. निदान कुठल्या रेकॉर्डवर अडलं ते जागच्या जागी कळतं.

खजुरीबाजार
हो काका, एलिमेंट-ट्रीच आहे. उद्या एलएक्सएमएल लावतो.

रीगलचौक
@पोहे_सेव_जिरावन, तुमच्या त्या एका ओळीत १०००० च्या वरचं काहीच नाही, म्हणजे ती जवळपास सगळी इमोजी उडवणार. इमोजी गेले तर ग्रंथसूचीचं काही बिघडत नाही म्हणाल, पण त्याच भागात मोडी आहे! मोडी लिपी युनिकोड ७.० मधे आली, २०१४ साली, ११६०० पासून पुढे. होळकरांच्या गावात बसून सूचीतून मोडी पुसायची म्हणजे कमाल आहे. आणि पुसलेलं कळणारही नाही, कारण फाइल एकदम व्हॅलिड निघेल.

हे रेगेक्स मी इतक्या प्रोजेक्टांत बघितलंय की विचारू नका, सगळे एकमेकांचं कॉपी करतात आणि वरचा तुकडा पहिल्यानेच कोणीतरी गाळलाय तो गाळलाच.

पोहे_सेव_जिरावन
अच्छा. मोडीचा विचार नव्हता केला. पण मग वरचा तुकडा जोडला की झालं ना?

रीगलचौक
पायथन ३ मधे झालं, तिथे स्ट्रिंग कोडपॉइंटची, म्हणजे युनिकोडच्या अक्षर-नंबरांची असते. जावा किंवा जावास्क्रिप्टमधे स्ट्रिंग १६-बिट तुकड्यांची, मोडीचं प्रत्येक अक्षर दोन तुकड्यांत बसतं. कोणी जुन्या सॉफ्टवेअरने शीर्षक ठरावीक लांबीला कापलेलं असेल आणि कात्री बरोबर मधे पडली असेल तर अर्धा सरोगेट लटकत राहतो, तो मात्र खरंच इनव्हॅलिड. मग तपासणाऱ्याने जोडी आहे का हे बघायला हवं, एकेक तुकडा बघून चालत नाही. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर तेही बघा, तिथलं जुनं यूटीएफ८ तीनच बाइटचं असतं, मोडीला चार लागतात, यूटीएफ८एमबी४ पाहिजे.

सियागंजवाला
आमच्या लायनीतला अनुभव सांगतो, कामाला येईल. मी व्यापाऱ्यांचे हिशेब एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेऊन देतो. एक फार चालणारं अकाउंटिंग सॉफ्टवेअर आहे, नाव घेत नाही, ते एक्सएमएल देताना मुख्य ग्रुपच्या नावाआधी अँपरसँड-हॅश-चार-सेमीकोलन असं टाकतं. म्हणजे कंट्रोल कॅरेक्टर ४, पण सरळ नाही, रेफरन्स म्हणून. आता गंमत बघा, फाइल बाइट-बाइट तपासली तर सगळं ठीक दिसतं, अँपरसँड व्हॅलिड, हॅश व्हॅलिड, ४ चा आकडा व्हॅलिड. पण एक्सएमएल १.० मधे रेफरन्स लिहिला तरी तो ज्या कॅरेक्टरकडे बोट दाखवतो ते त्याच हद्दीत लागतं. पार्सर तिथेच मान टाकतो.

तर जी कुठली लायब्ररी घ्याल ती रेफरन्स उलगडून बघते का ते आधी विचारा. मी सध्या पार्सरला द्यायच्या आधी साधं टेक्स्ट रिप्लेस करतो, जुगाडच आहे पण धंदा चाललाय.

पोहे_सेव_जिरावन
वर हेडरमधे व्हर्जन १.१ लिहिलं तर? मी वाचलं होतं त्यात कंट्रोल कॅरेक्टर चालतात.

मोरारकर
चालतात, पण अर्धवट. १.१ आलं २००४ मधे. त्यात १ ते ३१ पर्यंतची कॅरेक्टरं रेफरन्स म्हणून चालतात, थेट नाही (९, १०, १३ तेवढी आधीसारखी थेट). शून्य, म्हणजे नल, ते दोन्हीकडे बंदच. आणि उलटी भानगड अशी की १२७ ते १५९ ही जी दुसरी कंट्रोलची रांग आहे ती १.० मधे थेट चालते, १.१ मधे १३३ सोडून बाकीची रेफरन्सनेच लिहावी लागतात. म्हणजे १.० ची चालणारी फाइल नुसता आकडा बदलून १.१ म्हणून चालेलच असं नाही.

शिवाय वाचणार कोण? जावातलं झर्सीस १.१ वाचतं. एक्स्पॅट स्वतःला १.० चाच पार्सर म्हणवतो. समोरच्याकडे काय आहे माहीत नसताना १.१ पाठवू नये, मी तरी पाठवत नाही.

मांडवी_बडोदा
उशिरा आले, पण हा धागा बघून राहवलं नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मधे अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून आमच्याकडची ग्रंथालयं उभी केली, तेव्हापासून सूचीचा विषय निघाला की बडोदेकर जरा जास्तच बोलतात, सांभाळून घ्या.

खजुरीबाजार, तुमच्या मार्कवाल्या रेकॉर्डमधे न दिसणारं जे आहे ते बहुतेक ३१ आहे. मार्कची मूळ फाइल, म्हणजे आयएसओ २७०९ वाली, तिच्यात तीन कंट्रोल कॅरेक्टरं मुद्दाम वापरलेली असतात. ३१ म्हणजे उपक्षेत्र सुरू, ३० म्हणजे क्षेत्र संपलं, २९ म्हणजे रेकॉर्ड संपलं. तिथे ती हवीतच, त्यांच्याशिवाय फाइल वाचताच येत नाही. एक्सएमएलमधे त्यांचं काम टॅग करतात म्हणून ती नकोत. मग ती मजकुरात राहतात कधी, तर रेकॉर्ड नीट फुटलं नाही तेव्हा. लांबीचा आकडा चुकलेला असतो किंवा कोणी हाताने फाइल दुरुस्त केलेली असते.

आणि म्हणून सांगते, उडवू नका. ३१ च्या लगेच पुढे उपक्षेत्राचं अक्षर असतं, इंग्रजी ए, बी, सी असं. तुम्ही ३१ उडवलंत की ते अक्षर तिथेच राहतं. मराठी शीर्षकाच्या पोटात एक सुटं इंग्रजी बी. फाइल व्हॅलिड, पार्सर खूश, आणि पुस्तक शोधणाऱ्याला ते कधी सापडणार नाही कारण शीर्षक आणि उपशीर्षक एकमेकांना चिकटलेत. पुढच्या माणसाला कारणही कळायचं नाही, तुम्ही पुरावाच पुसलात ना! त्यापेक्षा पार्सरने फाइल परत केलेली परवडली.

दुसरं, वर १२७ ते १५९ चा विषय निघालाच आहे. कचरा म्हणून ती रांग साफ करायचा मोह होतो, बऱ्याच लायब्रऱ्यांत तसा पर्यायही असतो. पण मार्कमधे १५२ आणि १५६ ला अर्थ आहे, क्रम लावताना वगळायचा भाग इथून इथपर्यंत, जसं इंग्रजी शीर्षकातलं सुरुवातीचं 'द'. एक्सएमएल १.० मधे दोन्ही व्हॅलिड. ती गेली की तुमची सगळी इंग्रजी पुस्तकं टी खाली गोळा.

खजुरीबाजार
ताई, हे सोन्यासारखं सांगितलंत. सुटं बी आम्हाला दिसलं होतं! आम्ही टायपिंगची चूक समजून हाताने काढत होतो.

सियागंजवाला
ताईंचं बरोबर आहे, माझ्याकडेही आता ४ उडवायच्या ऐवजी कुठल्या खात्यात होतं ते लॉगमधे लिहितो. सीए लोक विचारतात.

रीगलचौक
युनिकोडच्या सुरक्षेवरच्या तांत्रिक अहवालातही हेच आहे, नको असलेलं कॅरेक्टर गुपचूप गाळू नका, बदलायचंच तर एफएफएफडी ठेवा, तो काळ्या चौकटीतला प्रश्नचिन्ह. गाळल्याने दोन निरुपद्रवी तुकडे जुळून भलताच शब्द तयार होतो, फिल्टर चुकवायची ही जुनी युक्ती आहे. रिपोर्टात दाखवायला हेक्स २४०० पासूनची चिन्हं चांगली, कंट्रोल कॅरेक्टरांची छोटी चित्रं आहेत तिथे, डोळ्यांना दिसतात आणि व्हॅलिडही आहेत.

खजुरीबाजार
एलएक्सएमएल लावून बघितलं. वर्डवाल्या फायलींमधे जवळपास सगळीकडे ११ आहे. हे काय प्रकरण?

मोरारकर
व्हर्टिकल टॅब. वर्डमधे शिफ्ट-एंटर मारलं की जी ओळ तुटते ती आत ११ म्हणून असते. टाइप करणाऱ्याने शीर्षक दोन ओळींत सुबक दिसावं म्हणून मारलं असणार. इथे मात्र बिनधास्त स्पेस घाला, अर्थ स्पष्ट आहे. सरसकट एकच नियम लावायचा नाही एवढंच, ११ ची जात वेगळी, ३१ ची वेगळी.

एक्सेलवाल्या फायलींत अजून एक बघा. तिथे नेमकं उलट दिसेल, अंडरस्कोर-एक्स-०००डी-अंडरस्कोर असा मजकूर दिसला तर तो कचरा नाही, एक्सेलची फाइल आतून एक्सएमएलच असते, तर जे कॅरेक्टर थेट लिहिता येत नाही ते ते लोक असं लिहून ठेवतात. नीट वाचणारी लायब्ररी ते परत उलगडते, अर्धवट वाचणारी तसंच तुमच्या शीर्षकात सोडते. कॅरेक्टर तपासणाऱ्याला हे सापडणार नाही कारण सगळी अक्षरं व्हॅलिड. वेगळं शोधावं लागेल.

खजुरीबाजार
सापडलं ते पण, प्रकाशकाच्या रकान्यात आहे. बरं आता नवीन चक्कर. मार्क-एक्सएमएल बनवायच्या आधी आम्ही आमच्यापुरतं एक मधलं एक्सएमएल ठेवतो, त्यात टॅग मराठीत आहेत, 'ग्रंथ', 'लेखक', 'ॲक्सेशन', 'दुसऱ्या_प्रती' वगैरे, म्हणजे आमच्या मंडळातल्या ज्येष्ठांनाही फाइल उघडून वाचता येते. तर एका मित्राच्या मशीनवर जी फाइल एलएक्सएमएल वाचतं तीच एलिमेंट-ट्री वाचत नाही. अडतं 'ॲक्सेशन' वर. मी माझ्या मशीनवर तोच टॅग लिहिला तर दोन्हीकडे चालतो!! मजकुरात कंट्रोल वगैरे काही नाही, तपासलं.

रीगलचौक
दोघांचे कीबोर्ड वेगळे असणार.

मोरारकर
हो, आणि हा या धाग्यातला सगळ्यात आवडता प्रश्न, आता जरा लांब लिहितो.

मजकुरात काय चालतं आणि नावात, म्हणजे टॅगच्या नावात काय चालतं, हे दोन वेगळे नियम. मजकुराचा वर सांगितला, उदार आहे. नावाचा नियम एक्सएमएल १.० च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत कंजूष होता, युनिकोड २.० च्या काळातली यादी होती, त्यात देवनागरीची अमुक अक्षरं अमुक मात्रा अशी एकेक गणती. 'ॲ' हे एकसंध अक्षर, हेक्स कोड ०९७२, युनिकोडात आलं २००८ मधे. म्हणजे त्या यादीत नाही. पण जुन्या पद्धतीने 'अ' टाइप करून त्यावर ०९४५ चा चंद्र दिला तर 'अॅ', ते दोन्ही तुकडे यादीत आहेत. दिसायला सारखं, एक टॅग चालतो, एक नाही. तुमचा कीबोर्ड जुना असणार, मित्राचा नवा.

पाचवी आवृत्ती निघाली २००८ च्या नोव्हेंबरात, तिने यादी फेकून मोठमोठे पट्टे दिले, ३७एफ पासून १एफएफएफ पर्यंत सगळं नावात चालेल, अगदी पहिल्या जागीही. आता एलएक्सएमएलच्या आत लिबएक्सएमएल२ आहे, त्याचा पार्सर पाचवीप्रमाणे चालतो. एक्स्पॅट चौथीचा. झर्सीसही चौथीचं. म्हणून हा तमाशा.

तुमचं 'दुसऱ्या_प्रती' पण तपासा. ऱ ०९३१ ने लिहिला असेल तर दोन्हीकडे चालेल. पण पुष्कळ लोक अजून र, हलन्त, मग न दिसणारा जॉइनर २००डी, मग य असं टाइप करतात, 'दुसर्‍या'. तो जॉइनर चौथ्या आवृत्तीत नावात चालत नाही, पाचवीत चालतो. आणि तिसरा प्रकार, कोणी मजकूर एनएफडीने (अक्षरं तुकड्यांत फोडायची युनिकोडची पद्धत) नॉर्मलाइज केला तर ऱ फुटून र आणि खाली नुक्ता होतो. तो चालतो, पण मग उघडणारा टॅग एक आणि बंद करणारा दुसरा असं झालं तर पार्सर म्हणणार जुळत नाहीत, कारण तो कोडपॉइंट मोजतो, डोळ्यांनी वाचत नाही.

पोहे_सेव_जिरावन
पहिल्या जागीही सगळं म्हणजे मात्रेने सुरू होणारा टॅग पण चालेल??

मोरारकर
पाचवीप्रमाणे हो. नुसत्या वेलांटीने सुरू होणारं नावही व्हॅलिड. '१ली_आवृत्ती' हा टॅग व्हॅलिड, पण तोच इंग्रजी एकाने सुरू केला तर इनव्हॅलिड. ₹ ने सुरू केलेला टॅगही चालतो. पट्टे मोठे दिले की असं होणारच, माझ्या मते तरी जुन्या यादीपेक्षा बरं, भाषेत नवं अक्षर आलं की दर वेळी पार्सर बदलत बसायचं हे कुठवर चालणार.

मांडवी_बडोदा
काका, मग यांनी टॅग इंग्रजीत करावेत की काय?

मोरारकर
मुळीच नको. मराठीतच ठेवा, फक्त चौथीत बसतील असे. 'ॲक्सेशन' ऐवजी 'दाखल_क्रमांक' केलं की प्रश्नच मिटला. आणि 'दुसऱ्या' ला ०९३१ चाच ऱ.

लायब्ररीचा मूळ प्रश्न राहिलाच की. जावात हवी असेल तर झर्सीसमधला एक्सएमएलकॅर नावाचा क्लास बघा, ६५,५३६ बाइटचा एक तक्ता आहे, दर कॅरेक्टरला एक बाइट आणि त्या बाइटचा दर बिट एका प्रश्नाचं उत्तर, मजकुरात चालतं का, स्पेस आहे का, नावाच्या सुरुवातीला चालतं का, नावात पुढे चालतं का. तक्त्यात बघितलं की उत्तर, हिशेब काही नाही. जेडॉममधला व्हेरिफायर जरा बोलका आहे, नुसतं हो-नाही न सांगता कारण वाक्यात देतो. डॉटनेटवाल्यांना एक्सएमएलकन्व्हर्टमधे हेच मिळतं. कॉमन्स टेक्स्टचं एस्केप-एक्सएमएल-१० मात्र न विचारता गाळतं, तुमच्या कामाला ते नको.

खजुरीबाजार
सगळं वाचून आम्ही पायथनमधेच छोटं मोड्यूल लिहिलंय, बाहेरचं काही नाही. कोडपॉइंट-कोडपॉइंट चालतं, रेफरन्स उलगडून बघतं, काहीही बदलत नाही, नुसती यादी काढतं: कुठल्या रेकॉर्डमधे, कुठल्या क्षेत्रात, कितवं अक्षर, त्याचा नंबर, आणि आजूबाजूचे थोडे शब्द म्हणजे माणसाला ओळखता येईल. टॅगची नावं चौथ्या आवृत्तीच्या यादीवर तपासतो. १२७ ते १५९ ला एरर नाही, नुसती खूण. बदल करायचे ते वेगळ्या स्क्रिप्टमधे, आणि सध्या त्यात एकच नियम आहे, ११ ला स्पेस.

रीगलचौक
युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमधून आलेलं काही आहे का त्यात? त्या फायलींचं कन्व्हर्जन न करता कोणी नुसतं एक्सएमएल केलं असेल तर सगळं व्हॅलिड दाखवेल आणि वाचायला गेलं तर नुसती कावळ्या-चिमण्यांची टोचलेली अक्षरं.

खजुरीबाजार
आहेत, खूण लागलेल्यांपैकी बरेच तेच निघाले, १२७ ते १५९ मधले बाइट भरपूर. त्या फायली बाजूला काढल्या, कन्व्हर्टरमधून काढून परत आणतो.

मांडवी_बडोदा
३१ वाल्या रेकॉर्डांची यादी मला पाठवा, मूळ मार्क फाइलसकट. लांबीचे आकडे बघून कुठे फुटलंय ते सांगते. आणि जुनी कार्डं अजून असतील कपाटात तर फेकू नका, उपशीर्षक कुठे संपतं ते कार्डावर कळतं.

खजुरीबाजार
कार्डं आहेत ताई, वरच्या मजल्यावर. यादी आज रात्री मेल करतो. झिप करून पाठवतो, नाहीतर मधेच कोणीतरी ते ३१ गाळायचं.